दोन हंडे आणि कलम २१

चाळीतल्या नळावर एक पाटी आहे असं धरून चला: 'प्रत्येक बिऱ्हाडाने दोनच हंडे भरावेत.' पाटी लिहिली तेव्हा घरोघरी तांब्या-पितळेचे हंडे होते. पुढे प्लास्टिक आलं, आणि एके दिवशी सात नंबरचं बिऱ्हाड निळी पिंपं घेऊन रांगेत उभं राहिलं. पिंपं मोजून दोनच. झालं, भांडण पेटलं.

सात नंबरवाले म्हणतात, पाटीवर पिंपाला मनाई कुठे आहे ती दाखवा. शेजारचे म्हणतात, पाटीवर हंडा लिहिलाय, तेव्हा हंड्यातच भरा, पिंप उचला. तीन नंबरच्या आजींच्या सासऱ्यांनी ती पाटी लिहिलेली. त्या म्हणतात, मामंजींच्या मनात काय होतं ते मला विचारा. मग कोणीतरी म्हणतं, अहो, पाटी लावली कशाला? सगळ्यांना पाणी पुरावं म्हणूनच ना? मग दोन हंड्यांत मावेल तेवढं मोजून द्या, भांडं कुठलंही असेना. आणि जिन्यात उभा असलेला कॉलेजातला मुलगा पाटीची खालची ओळ वाचून दाखवतो: 'आजारी माणसाच्या घराला आधी पाणी द्यावे.' सात नंबरात आजारी माणूस आहे. आता?

राज्यघटनेचा अर्थ लावताना न्यायाधीश थोड्याफार फरकाने या पाच जणांसारखेच बोलत असतात. शब्द काय आहे, लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं, नियम कशासाठी केला, शेजारच्या नियमाशी तो कसा जुळतो. कायद्याच्या पुस्तकांत या प्रत्येकाला भारदस्त नावं आहेत. ती इथे नकोत. नळावरचं भांडण पाणी गेलं की मिटतं. न्यायाधीशाला मात्र कारणं लिहून द्यावी लागतात, आणि ती कारणं पुढचे न्यायाधीश वर्षानुवर्षं चाळत बसतात.

आपल्या घटनेतलं एकच वाक्य घेऊन हे पाहू. कलम २१. मूळ इंग्रजीत अवघे १८ शब्द. मराठीत त्याचा आशय असा: कायद्याने घालून दिलेल्या कार्यपद्धतीने असेल तरच, एरवी कोणाही व्यक्तीचं जीवित किंवा व्यक्तिगत स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही. वाचायला सरळ आहे. पण 'कार्यपद्धती' म्हणजे कसली? संसदेने कायद्यात लिहिली म्हणजे कुठलीही चालेल, की ती रास्तही असायला हवी?

हा प्रश्न घटना लिहिणाऱ्यांना सुचला नव्हता असं नाही. उलट सगळा घोळ त्यांना नीट माहीत होता. आधीच्या मसुद्यात अमेरिकेच्या घटनेतला 'ड्यू प्रोसेस' हा शब्दप्रयोग होता, म्हणजे कायद्याची रास्त प्रक्रिया. तो राहिला असता तर कायदाच मुळात रास्त आहे का, हे तपासायला न्यायाधीशांना उघड परवाना मिळाला असता. अमेरिकेत या परवान्याचं काय झालं होतं? १९०५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कमधल्या बेकरी कामगारांच्या कामाच्या तासांवर मर्यादा घालणारा कायदा याच शब्दांच्या जोरावर रद्द केला होता. घटना समितीचे सल्लागार बी. एन. राव १९४७ मध्ये अमेरिकेला गेले, तेव्हा तिथले न्या. फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी त्यांना सावध केलं: लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाचे कायदे मूठभर न्यायाधीशांनी मोडावेत हे लोकशाहीला धरून नाही, आणि न्यायालयांवर त्याचं ओझंही फार पडतं. राव परतले, मसुदा बदलला, आणि जपानच्या १९४६ च्या घटनेतल्या शब्दांच्या धर्तीवर 'कायद्याने प्रस्थापित कार्यपद्धती' आली.

कन्हैयालाल मुन्शींसारखे सभासद यावर नाराज होते. १३ डिसेंबर १९४८ रोजी बाबासाहेब आंबेडकर उत्तराला उभे राहिले, आणि इतक्या महत्त्वाच्या कलमावर त्यांनी चक्क कौल द्यायचं टाळलं. एका बाजूला विधिमंडळ: तिथे एका पक्षाचं बहुमत असलं की घाईघाईत माणसाचे मूलभूत हक्क तुडवणारा कायदा होऊ शकतो. दुसऱ्या बाजूला सर्वोच्च न्यायालयात बसलेले पाच-सहा गृहस्थ: ते आपल्या मनाच्या कलाप्रमाणे, पूर्वग्रहाप्रमाणे कुठला कायदा चांगला नि कुठला वाईट हे ठरवणार. दोघांवरही डोळे मिटून विश्वास टाकावा असं त्यांना वाटत नव्हतं. त्यांनी दृष्टांत ग्रीक पुराणातल्या खलाशाचा दिला. आपण त्याला इकडे आड तिकडे विहीर म्हणतो. सभागृहाला काय ते ठरवू दे, असं म्हणून ते थांबले. सभागृहाने नवे शब्दच ठेवले. पुढे सप्टेंबर १९४९ मध्ये बाबासाहेबांनीच आणखी एक कलम आणलं, आजचं २२ वं. अटक केलेल्याला कारण सांगायचं, वकील भेटू द्यायचा, २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करायचं. कलम २१ मध्ये जे निसटलं त्याची भरपाई म्हणून.

घटना लागू होऊन चार महिनेही झाले नव्हते तोच पहिली कसोटी आली. केरळचे कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन मद्रासच्या तुरुंगात होते, आता प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेच्या नव्या कायद्याखाली. म्हणजे गुन्हा शाबीत व्हायची गरजच नाही. पुढे काहीतरी करतील या संशयावर आत. त्यांचं म्हणणं होतं की 'कायदा' या शब्दात न्यायाची मूळ तत्त्वं आलीच पाहिजेत. १९ मे १९५० रोजी सहा न्यायाधीशांच्या पीठाने निकाल दिला. सरन्यायाधीश हरिलाल कानिया आणि बहुमताने सांगितलं: कायदा म्हणजे राज्यसंस्थेने केलेला कायदा. घटना समितीने 'ड्यू प्रोसेस' जाणूनबुजून वगळलंय; जे त्यांनी दारातून बाहेर काढलं ते आम्ही खिडकीतून आत घेणार नाही. (खिडकीची उपमा माझी. पण बहुमताची भूमिका तीच.) शिवाय कलम १९ (बोलण्याचं, फिरण्याचं वगैरे स्वातंत्र्य), २१ आणि २२ ही वेगवेगळी खाती आहेत, एकात दुसरं मिसळायचं नाही. न्या. एस. आर. दास यांनी तर तर्क टोकापर्यंत नेला: संसद फाशी देण्याचा कायदा करू शकत असेल तर उकळत्या तेलाचाही करू शकेल, त्यावर तर्काने आक्षेप घेता येणार नाही.

न्या. फझल अली एकटे वेगळं बोलले. कार्यपद्धती म्हटली की तीत माणसाला सूचना देणं, त्याचं ऐकून घेणं, ऐकणारा निःपक्षपाती असणं हे आलंच, असं त्यांचं मत. नळावरच्या भाषेत बोलायचं तर ते म्हणत होते, हंडा म्हटलं की तो गळका नसणार हे लिहावं लागत नाही. ते हरले. पण हरलेलं मतही निकालपत्रात छापून राहतं, त्याचा उपयोग होतो.

मग बरंच काही घडलं, त्यातलं एकच सांगतो. १९७० मध्ये बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 'वेगवेगळी खाती' ही कल्पना सोडून दिली. हक्क एकमेकांना धरून वाचायचे असं ठरलं. पाटीची खालची ओळ वाचणारा मुलगा जिंकला म्हणा. त्या निकालाने कलम २१ ला लगेच काही फरक पडला नाही, पण दार किलकिलं झालं.

ते उघडलं एका पासपोर्टने. जुलै १९७७. आणीबाणी संपून सरकार बदललेलं. मनेका गांधींना दिल्लीच्या पासपोर्ट कार्यालयाकडून पत्र आलं: तुमचा पासपोर्ट 'सार्वजनिक हितासाठी' जप्त करण्याचं ठरलंय, सात दिवसांत जमा करा. त्यांनी कारण विचारलं. उत्तर आलं की कारण न सांगणं हेही सार्वजनिक हितातच आहे. परदेशी जाण्याचा हक्क व्यक्तिगत स्वातंत्र्यात येतो हे १९६७ मध्येच ठरलेलं होतं. म्हणजे प्रश्न उरला पुन्हा तोच: पासपोर्टच्या कायद्यात कार्यपद्धती होती की. तेवढ्याने भागतं का?

२५ जानेवारी १९७८ ला सात न्यायाधीशांच्या पीठाने सांगितलं, भागत नाही. कार्यपद्धती न्याय्य, रास्त आणि वाजवी हवी. मनमानी, लहरी, जुलमी असेल तर ती कार्यपद्धतीच नव्हे. न्या. भगवतींनी हे सिद्ध कसं केलं ते पाहण्यासारखं आहे. 'कार्यपद्धती' या शब्दाचा कीस त्यांनी फारसा पाडला नाही. त्यांनी कलम १४ शेजारी ठेवलं, जे सर्वांना कायद्यापुढे समान मानतं. मनमानी आणि समानता एका घरात नांदू शकत नाहीत. म्हणून कलम १४ ची परीक्षा कलम २१ च्या कार्यपद्धतीलाही द्यावी लागेल. गंमत म्हणजे पासपोर्ट जप्तीचा आदेश न्यायालयाने रद्द केला नाही. तुमचं म्हणणं ऐकून घेऊ, असं आश्वासन महान्यायवादींनी, म्हणजे केंद्र सरकारच्या मुख्य वकिलांनी, दिलं आणि प्रकरण तिथेच थांबलं. बाईंना त्या दिवशी फारसं काही मिळालं नाही, देशाला मिळालं. त्याच वर्षी न्या. कृष्ण अय्यर यांनी एका कैद्याच्या खटल्यात मोकळेपणाने लिहिलं की आपल्या घटनेत 'ड्यू प्रोसेस' नाही हे खरं, पण या निकालांनंतर परिणाम तोच.

इथे मला थोडं अडखळायला होतं, आणि वाचणाऱ्यानेही अडखळावं. घटना समितीने जो शब्द समजून उमजून बाहेर ठेवला, तो न्यायाधीशांनी ३० वर्षांनी आत आणला. तीन नंबरच्या आजी विचारणारच की मामंजींनी लिहिलेलं तुम्ही कोण बदलणार? त्याचं उत्तर देणं सोपं नाही. माझ्यापुरतं उत्तर असं: राव आणि फ्रँकफर्टर यांना भीती होती की न्यायाधीश श्रीमंतांच्या बाजूने मजुरांचे कायदे मोडतील. गोपालनच्या निकालानंतर संकट दुसऱ्याच बाजूने आलं, विहिरीच्या, म्हणजे न्यायालयाच्या नव्हे, आडाच्या, म्हणजे विधिमंडळाच्या बाजूने. ज्या कारणासाठी शब्द बदलला होता ते कारण आणि ज्या माणसाचा पासपोर्ट गेला तो माणूस, दोघांची गाठच पडत नव्हती. पण हे उत्तर आज मला पटतं म्हणून उद्याच्या प्रत्येक निकालाला लावता येईल असं मी म्हणणार नाही. बाबासाहेबांचे ते पाच-सहा गृहस्थ अजून तिथेच बसलेले आहेत.

न्यायाधीश शब्दाला चिकटून बसले की काय होतं, हेही याच कलमाने दाखवलं. आणीबाणीत राष्ट्रपतींच्या आदेशाने कलम २१ साठी न्यायालयात जाण्याची मुभा काढून घेतली होती. स्थानबद्ध लोकांनी तरीही उच्च न्यायालयांत याचिका केल्या, आणि अनेक उच्च न्यायालयांनी त्या ऐकून घेतल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. जगण्याचा हक्क घटनेने 'दिला' आहे का? दिला असेल तर तो स्थगित झाल्यावर काही उरत नाही. की तो आधीपासूनच आहे आणि घटनेने फक्त त्याची नोंद घेतली? सुनावणीत न्या. एच. आर. खन्ना यांनी महान्यायवादी निरेन डे यांना विचारलं, वैयक्तिक वैरातून पोलीस अधिकाऱ्याने एखाद्याला ठार मारलं तर? आणीबाणी असेपर्यंत त्यावर इलाज नाही, हे उत्तर आलं. २८ एप्रिल १९७६ ला चार विरुद्ध एक असा निकाल लागला आणि ते चौघे सरकारच्या बाजूने होते. एकटे खन्ना विरोधात गेले. पुढच्या जानेवारीत त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्याला सरन्यायाधीश केलं गेलं आणि त्यांनी राजीनामा दिला. नंतर ४४ व्या घटनादुरुस्तीने कलम २१ आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही अशी तजवीज केली.

त्या चौघांत पुण्यात जन्मलेले न्या. यशवंत विष्णु चंद्रचूड होते. न्या. भगवतीही होते. होय, तेच भगवती. दोन वर्षांच्या आत या दोघांनीही मनेका गांधींच्या निकालात उलट टोकाचं वाचन मान्य केलं. वाक्यातला एक स्वल्पविरामही मधल्या काळात हललेला नव्हता.

आता एक हिशेब, कारण त्याशिवाय पुढचं कळत नाही. घटनेच्या अर्थाचा महत्त्वाचा प्रश्न असेल तर किमान पाच न्यायाधीश बसले पाहिजेत, असं घटनाच सांगते. आणि मोठ्या पीठाचा निकाल लहान पीठाला मोडता येत नाही. खाजगीपणाच्या हक्काचा प्रश्न आधारच्या निमित्ताने आला तेव्हा सरकारने १९५४ चा आठ न्यायाधीशांचा एक निकाल पुढे केला: खाजगीपणा असा काही मूलभूत हक्क घटनेत नाही. आठांचं मोडायला नऊ लागतात. म्हणून नऊ बसले. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊच्या नऊ जणांनी सांगितलं की खाजगीपणा कलम २१ च्या जीवित आणि स्वातंत्र्यातच आहे, त्याला वेगळा शब्द नको. जाता जाता १९७६ चा तो निकालही खोडला. खोडणारं निकालपत्र लिहिलं होतं न्या. धनंजय चंद्रचूड यांनी. खोडल्या गेलेल्या बहुमतात त्यांचे वडील होते.

हे ऐकून वाटेल की कलम २१ म्हणजे मागाल ते देणारा कल्पवृक्ष. तसं नाही. १९८६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला शिक्षा देणारं भारतीय दंड संहितेचं कलम घटनाबाह्य ठरवलं. युक्तिवाद चतुर होता: बोलण्याच्या स्वातंत्र्यात न बोलण्याचंही येतं, मग जगण्याच्या हक्कात न जगण्याचा का नाही? सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी १९९४ मध्ये ते उचलून धरलं. पण १९९६ मध्ये पाच न्यायाधीशांनी ही जोडी जुळत नाही असं सांगितलं. गप्प बसल्याने बोलण्याचा हक्क संपत नाही, पुन्हा कधीही बोलता येतं. मरण हे जगण्याच्या हक्काचं दुसरं अंग नव्हे, त्याचा शेवट आहे. शब्दांची कसरत कुठे थांबवायची हेही अर्थ लावण्यातच येतं.

पण मला या साऱ्यात सर्वांत जवळून पाहावासा वाटतो तो मुंबईच्या फुटपाथचा खटला, कारण त्यात चाळीच्या पाटीसारखा एक साधा शब्द आहे.

१३ जुलै १९८१. भर पावसाळा. मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी जाहीर केलं की मुंबईतल्या फुटपाथवर राहणाऱ्यांना हटवून त्यांच्या त्यांच्या गावी पाठवणार. पत्रकार ओल्गा टेलिस न्यायालयात गेल्या. फुटपाथवरचे आणि झोपडपट्टीतले रहिवासीही गेले. त्यांतला एक सेलमचा भूमिहीन शेतमजूर. दुष्काळामुळे १९६१ मध्ये मुंबईला आलेला, दहिसरच्या एका रासायनिक कारखान्यात रोज २३ रुपयांवर कामाला. पाडापाडीनंतर आपल्याला बसमध्ये घालून सेलमला पाठवलं, आणि काम शोधत आपण पुन्हा मुंबईलाच आलो, असं त्याचं सांगणं.

उच्च न्यायालयात या लोकांच्या वतीने एक कबुली दिली गेली होती: फुटपाथवर झोपडी बांधण्याचा मूलभूत हक्क आम्ही मागत नाही. महापालिका म्हणाली, झालं तर, आता कसला वाद? सर्वोच्च न्यायालयाने ती कबुली बाजूला ठेवली. मूलभूत हक्क माणसाला सोडून देता येत नाहीत, कारण ते एकट्याच्या सोयीसाठी दिलेले नाहीत, असं सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी लिहिलं. मग त्यांनी कलम २१ मधला 'जीवित' हा शब्द घेतला. माणूस काम जिथे आहे तिथेच राहतो. राहायची जागा गेली की काम जातं, काम गेलं की पोट. एखाद्याचं जीवित काढून घ्यायची सर्वांत सोपी वाट म्हणजे त्याची उपजीविका काढून घेणं. तेव्हा उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग.

आणि मग तो साधा शब्द. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यातलं कलम ३१४ सांगत होतं की आयुक्त रस्त्यावरचं अतिक्रमण 'सूचना न देता' काढून टाकू 'शकेल'. पालिकेचं वाचन: सूचना द्यायची गरज नाही. न्यायालयाचं वाचन: 'शकेल' असं आहे, 'काढलेच पाहिजे' असं नाही. सूचना न देण्याची मुभा आहे, हुकूम नव्हे. मुभा दिली की ती विवेकाने वापरावी लागते. म्हणून एरवी सूचना द्यायचीच, आणि न देणं हा अपवाद, त्याचं समर्थन आयुक्तांनी करायचं. कायदा असा वाचल्यावर तो रद्द करायची गरजच उरली नाही. कायदा मोडावा की घटनेला जुळेल असा वाचावा, अशी निवड असेल तर न्यायाधीश बहुधा दुसरी वाट धरतात.

निकाल १० जुलै १९८५ ला लागला. यशवंतराव दुसऱ्याच दिवशी निवृत्त झाले. उपजीविकेचा हक्क मान्य झाला, पण फुटपाथ चालण्यासाठी आहेत, तिथे कायम राहण्याचा हक्क नाही, हेही त्याच निकालात होतं. आयुक्तांनी द्यायला हवी होती ती ऐकून घेण्याची संधी तुम्हाला आमच्यापुढेच भरपूर मिळाली, असं न्यायालयाने सांगितलं. पालिकेने वेगळी सुनावणी घेण्याची गरज उरली नाही. १९७६ च्या गणनेत ज्यांना ओळखपत्रं मिळाली होती त्यांना पर्यायी जागा द्यायची होती. बाकीच्यांच्या झोपड्या पावसाळा संपून एक महिना होईपर्यंत पाडायच्या नव्हत्या. मुदत ठरली ३१ ऑक्टोबर १९८५.